बंद केलान कोणी?

“‘बंद होता, बंद होता’ बोलतात. अरे, पन बंद केलान कोणी?”

माझ्या मागच्या रांगेतून हे वाक्य आलं तेव्हा पडद्यावर कोरियातल्या एका गगनचुंबी इमारतीचे बरेच मजले पेटले होते. हिंदीत डब केलेला सिनेमा होता. एक इंजिनियर तळघरातून धावत येऊन ओरडला होता, “पानी ऊपर नहीं चढ़ रहा! वॉल्व बंद था!” आमच्या ऑफिसच्या हॉलमधल्या साठेक माणसांनी चुकचुकाट केला. सगळ्यांच्या मांडीवर हेल्मेट, हातात समोशाचा कागदी डबा. चुकचुकणं थांबल्यावर हे वाक्य आलं, हळू आवाजात, मराठीत, तेही दाभोळच्या खाडीकडच्या मराठीत.

मी मान वळवली नाही. इब्राहिमचाचांचा आवाज ओळखायला मान वळवावी लागत नव्हती. आणि हा प्रश्न सिनेमाला विचारलाय की मला, ते मला कळत नव्हतं.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही, असं संपादक काकूंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, पाच वर्षांच्या नोकरीत कसल्या आठवणी? शिवाय माझं मराठी. मी मस्कतमध्ये वाढले, मदिनत सुलतान काबूसमधल्या घरातून शाळेच्या बसमध्ये चढले की संध्याकाळपर्यंत इंग्रजी. इंजिनियरिंगची चार वर्षं पुण्यात काढली, तिथेही रूममेट्सशी इंग्रजीतच बोलत राहिले, आणि नोकरीला परत मस्कतला आले. काकू म्हणाल्या, “तू लिही तर. ऱ्हस्व-दीर्घ मी बघते.” तेव्हा जे काही ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असेल ते त्यांचं.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करते. आईच्या मैत्रिणी सांगतात की मी फायर ब्रिगेडमध्ये आहे. मी आग विझवत नाही. आग विझवणारं पाणी जागेवर उभं आहे की नाही, एवढंच आमची कंपनी बघते. तुम्ही मॉलमध्ये, ऑफिसात, हॉस्पिटलात मान वर केलीत तर छताला लहान लहान पितळी फुलं दिसतील. त्यांना स्प्रिंकलर म्हणतात. प्रत्येक फुलात करंगळीच्या नखाएवढी काचेची नळी असते, आत लाल पाणी. खाली आग लागली की नळी तापते, फुटते, आणि तिने अडवून धरलेलं पाणी खाली येतं. ज्याच्या खाली आग, तेवढंच फूल फुटतं. सिनेमात सगळी फुलं एकदम फुटतात, हे मात्र खोटं. त्या कोरियन सिनेमातही एका पार्टीत तसं झालं तेव्हा चाचा मागून पुटपुटले होते, “घ्या, सगल्यांना आंघोळ.”

फुलामागे पाइप, पाइपामागे तळघरातला पंप, पंपामागे टाकी. आणि मध्ये, प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळच्या लोखंडी कपाटात, एक वॉल. पुस्तकात व्हॉल्व्ह, पण साइटवर सगळे वॉलच म्हणतात. त्याला गाडीच्या स्टिअरिंगसारखं चाक असतं. मजल्यावर दुरुस्ती करायची तर तो वॉल बंद करायचा, पाइप रिकामा करायचा, काम करायचं आणि वॉल परत उघडायचा. नव्या इमारतींत वॉल बंद राहिला तर खाली पॅनलवर पिवळा दिवा लागतो. जुन्या इमारतींत दिवा नाही. तिथे उघड्या वॉलच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावतात, म्हणजे कोणी गंमत म्हणून फिरवू नये.

त्या कुलपांच्या किल्ल्या आमच्या सगळ्यात जुन्या टेक्निशियनच्या, इब्राहिमचाचांच्या कमरेला असायच्या. तीस वर्षांहून जास्त काळ.

मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं की मला नियमावल्या येतात, म्हणजे काम येतं. पहिल्याच आठवड्यात चाचा मला सोहारला घेऊन गेले, एका कारखान्याच्या गोदामात. मी गेज शोधत होते. गेज म्हणजे पाण्याचा दाब दाखवणारा काटा. चाचांनी पाना काढला आणि पाइपावर हलकेच मारला. “ऐक.” ढब्ब असा आवाज आला. पाच पावलं पुढे जाऊन परत मारला. टण्ण. “इथं पाणी नाय. हवा धरलीन.” मी गेज शोधून बघितलं, तर काटा जिथे असायला हवा तिथे नीट होता. काटाच अडकलेला होता. मी त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरवर चमच्याने मारून बघत बसले. आई म्हणाली, “आता काय, भांडी वाजवायची डिग्री आहे का ही?”

आमची गिऱ्हाइकंही एकेक असतात. इब्राच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, हलव्याचं एक जुनं दुकान आहे. मालक, म्हणजे इथल्या बोलीत अर्बाब, फार प्रेमळ. त्याच्या दुकानातला धुराचा अलार्म रोज सकाळी वाजायचा, कारण रोज सकाळी तो दुकानात लुबान जाळायचा. लुबान म्हणजे झाडाचा सुगंधी डिंक, इथल्या प्रत्येक घरात धुपासारखा जाळतात. मी त्याला इंग्रजीत समजावलं की डिटेक्टरला पूजा आणि आग यातला फरक कळत नाही. त्याने मान डोलावली. पुढच्या खेपेला बघते तर डिटेक्टरला आंघोळीच्या वेळी बायका घालतात ती प्लास्टिकची टोपी. मी गंभीर रिपोर्ट लिहायला घेतला. चाचांनी रिपोर्ट बाजूला ठेवायला लावला, अर्बाबबरोबर कावा, म्हणजे इथली कॉफी, तीन पेले प्याले, त्याच्या नातवंडांची नावं विचारली, आणि शेवटी अर्बाबने स्वतःच उठून धूपदाणी दाराजवळच्या खिडकीपाशी नेऊन ठेवली. टोपी मात्र चाचांनी परत मागून घेतली. “नमुना म्हणून ठेव बाय,” मला म्हणाले. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मला हे जमत नाही. मी लाजाळू आहे असं सगळे म्हणतात. मला वाटतं, मी सावध आहे. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, हे मी शाळेतच शिकले. इंग्रजीत बोलताना एक बरं असतं, वाक्याच्या आत लपायला जागा असते. मराठीत माझ्याकडे ती जागा नव्हती.

ह्याचा एक किस्सा सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

आमच्या साइटवर सगळ्यांकडे वॉकीटॉकी असतात आणि सगळे एकाच चॅनलवर. एकाने बोललेलं सगळे ऐकतात. चाचा वरच्या मजल्यावर वॉलपाशी, मी खाली पॅनलपाशी. काम झालं की वॉल उघडला का, हे मी विचारायचं आणि वर जाऊन काटा बघून मग फॉर्मवर टिक करायची, अशी पद्धत. पहिल्या महिन्यात एकदा मला विचारायचं होतं, तुमचा वॉल उघडा आहे का. मोठ्या माणसाशी आदराने बोलायचं, म्हणून मी अनेकवचन लावलं. घाईत वॉल हा शब्द राहून गेला. मी रेडिओवर स्वच्छ आवाजात विचारलं, “चाचा, तुम्ही उघडे आहात का?”

थोडा वेळ नुसती खरखर. मग चाचांचा शांत आवाज, “नाय बाय. कपडे हायत अंगावर.”

तिसऱ्या मजल्यावर सुर्वे होता, आमचा दुसरा टेक्निशियन, राजापूरचा. तो इतका हसला की त्याने बोलायचं बटण दाबून धरलं आणि अख्ख्या चॅनलला त्याचं हसणं ऐकावं लागलं. पुढचा आठवडाभर चाचांना ‘उघडे चाचा’ नाव पडलं. चाचा स्वतःच सगळ्यांना किस्सा सांगायचे. मीही हसले. पण त्यानंतर मी रेडिओवर ‘उघडा’ हा शब्द कधी उच्चारला नाही. मला एक सोपा शब्द सापडला होता.

“चाचा, खलास?”

“खलास.”

खलास हा इथला सगळ्यात कामाचा शब्द. झालं, संपलं, पुरे, ठरलं, आता वाद नको, सगळ्याला खलास. माझा डोंबिवलीचा मामा आला होता तेव्हा मी स्पीकरवर चाचांशी बोलत होते. चाचा म्हणाले, “चौथ्यावर दोन खलास, पाचव्यावर एक बाकी.” मामा सोफ्यावरून उठलाच. “अगं, पोलिसांना कळवलं का?” चाचा पाइपांबद्दल बोलत होते.

तर असा तो शब्द. सगळं सांगणारा, आणि नेमकं काय झालं ते न सांगणारा.

चाचांची स्वतःची पद्धत वेगळी होती. वॉल उघडताना ते चाकाचे वेढे रेडिओवर मोठ्याने मोजायचे. एक, दोन, तीन. त्या जुन्या वॉलना अकरा वेढे लागतात. अकरा झाले की अर्धा वेढा मागे, आणि मग म्हणायचे, “पाणी चढलं.” मग साखळी, कुलूप. मला सुरुवातीला ते मोजणं मुंज-लग्नातल्या मंत्रांसारखं वाटायचं, न केलं तरी चालेल असं.

गुबरा भागात आमच्याकडे एक जुनी नऊ मजली इमारत आहे. नऊ म्हणजे इथे उंच. मस्कतमध्ये इमारतीने डोंगरापुढे डोकं वर काढायचं नाही, असा जणू शिष्टाचार आहे. चौथ्या मजल्यावर अबाया, म्हणजे बायकांचे काळे पायघोळ झगे, शिवण्याचा कारखाना, करीम मास्तर धरून बारा माणसं. करीम मास्तर म्हणजे पांढरी दाढी, गळ्यात टेप. चौथ्या मजल्यावर पाऊल ठेवलं की म्हणायचे, “बेटी, चाय तो पीनी पड़ेगी.” आणि चहा होईपर्यंत प्रश्न. घर कुठे, आई कशी, लग्न कधी. माणूस सोन्यासारखा, पण मला ती दहा मिनिटं जड जायची.

एके दिवशी चौथ्या मजल्यावरचं एक फूल ठिबकत होतं. चाचांनी वॉल बंद केला, फूल बदललं. मी खाली लॉबीत. त्या दिवशी अजून दोन इमारती करायच्या होत्या.

“चाचा, खलास?”

“खलास.”

चाचांच्या डोक्यात होतं, फूल बदलून झालं, खलास. वॉल उघडायचा बाकी होता. तेवढ्यात अजान झाली, ते कॉरिडॉरच्या टोकाला नमाजाला गेले. उठतात तर सातव्या मजल्यावरून सुर्वेची हाक, तिथे नळ फुटला होता. ते वर गेले. वॉल राहिला.

माझ्या डोक्यात होतं, सगळं खलास. मोजणं ऐकू आलं नव्हतं. ते मला जाणवलं होतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाटतं, जाणवलं होतं. वर जाऊन काटा बघायला हवा होता. पण वर करीम मास्तर होते आणि चहा होता. मी ‘वॉल उघडा – तपासला’ ह्या ओळीवर टिक केली आणि खाली सही केली.

बारा दिवसांनी, रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, आम्ही त्याच इमारतीत पंपाच्या चाचणीला गेलो होतो. चाचा तळघरात, मी लॉबीत. पॅनलवर लाल दिवा लागला आणि घंटा सुरू झाली. चौथा मजला.

“चाचा, चौथ्यावर स्मोक.”

पाणी सुटलं की पाइपातला दाब पडतो आणि पंप आपोआप सुरू होतो. त्याला साइटवर ‘पंप उठला’ म्हणतात. मी पायाखाली ती घरघर यायची वाट बघत होते.

“बाय,” चाचा म्हणाले, “पंप उठला नाय.”

आणि मग काही क्षणांनी, वेगळ्याच आवाजात, “चौथ्याचा वॉल.”

त्यानंतर रेडिओवर फक्त श्वास आणि जिन्यावरचे बूट. साठीचा माणूस, एक गुडघा कायमचा सुजलेला, पाच जिने चढत होता. वरून कारखान्याची माणसं उतरत होती, कुणाच्या हातात मोबाइल, कुणाच्या खांद्यावर अर्धवट शिवलेला अबाया. मी दारात उभी राहून मोजत होते. अकरा आले. बारावे करीम मास्तर नव्हते.

खोकला ऐकू आला. लोखंडी दाराचा आवाज. मग, “एक.”

मी कधीच कुठलीही गोष्ट इतकं लक्ष देऊन ऐकली नव्हती.

“दोन. तीन.” खोकला. “चार.”

सातनंतर बराच वेळ काही आलं नाही. मी बटण दाबलं आणि सोडलं. मग “आठ” आलं. अकराच्या आतच माझ्या पायाखाली पंप उठला.

“पाणी चढलं,” चाचा म्हणाले. त्यांनी अर्धा वेढा मागे घेतला होता. मी नंतर जाऊन बघितलं, त्या धुरात त्यांनी तो अर्धा वेढासुद्धा घेतला होता.

इस्त्रीखाली कापड पेटलं होतं. वरचं फूल वेळेवर फुटलं होतं, त्याने त्याचं काम केलं होतं. त्यातून पाइपात उरलेलं कपभर काळं पाणी पडलं आणि मग नुसती हवा. करीम मास्तरांनी त्या कपभर पाण्याच्या भरवशावर पेटलेला कापडाचा गठ्ठा हाताने ओढायचा प्रयत्न केला. त्यांचा उजवा हात भाजला. सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे इथल्या फायर ब्रिगेडची माणसं आली तेव्हा आग विझलेली होती आणि चाचा जिन्यात बसून मास्तरांच्या हातावर बाटलीतलं पाणी ओतत होते. शिंप्याचा उजवा हात. बोटं आता वळतात, पण बारीक टाका घालता येत नाही. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तेव्हा मास्तर म्हणाले, “इस्तरी मैंने खुली छोड़ी थी, बेटी.” मी हातातला गुच्छ उशाशी ठेवला आणि निघून आले.

चौकशी सुरू झाली. इमारतीच्या मालकाने कळवलं की वॉल बंद ठेवणारा टेक्निशियन पुन्हा आमच्या आवारात दिसता कामा नये. कंपनीने चाचांना साइटवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. दीड महिन्यात ते कायमचे गावी जाणार होते. ज्या माणसाला पाइपाच्या आवाजावरून पाणी कळतं, तो खोक्यांतली फुलं आकारानुसार लावत बसला. कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. चालताना त्यांचा आवाज यायचा, तो बंद झाला होता. जाताना त्यांच्या नावापुढे हेच राहणार होतं, तीस वर्षं आणि एक बंद वॉल.

घटनेचं निवेदन मलाही लिहायचं होतं. मी ते इंग्रजीत लिहिलं. स्टोअरमध्ये काही सामान घ्यायला गेले तेव्हा चाचांनी विचारलं, “काय लिवलंस, बाय?”

मी त्यांना मराठीत करून सांगितलं. “चौथ्या मजल्यावरील वॉल बंद अवस्थेत आढळला.”

“आढळला?” चाचा म्हणाले. “रस्त्यात पाकीट आढळतंय तसा?”

“इंग्रजीत असंच लिहितात, चाचा.”

“पन कोणी केलान, ता कुठं हाय?”

आईला मी नंतर विचारलं, हे ‘केलान’ म्हणजे काय. आई म्हणाली, कोकणात ‘त्याने केलं’ असं वेगळं सांगायला नको, ‘केलान’ म्हटलं की त्यात तो आलाच. क्रियापदाच्या शेपटीला माणूस बांधलेला. मला शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत माणूस सोडवून घेता येतो. वॉल आढळतो. फॉर्म भरला जातो. चूक होते.

चाचांनी त्यांचं निवेदन सुर्वेकडून लिहून घेतलं होतं. त्यांनी मला ते दाखवलं. पाच ओळी. वॉल मी बंद केला. फूल मी बदललं. नमाजाला मी गेलो. मग सातव्यावर गेलो. वॉल उघडायला मी विसरलो. खाली अंगठ्याएवढी मोठी सही.

माझं नाव कुठेच नव्हतं.

“चाचा, मी खलास विचारलं होतं. मी वर आले नाही. ते नाही लिहिलंत?”

ते फुलांच्या खोक्यावर चिकटपट्टी लावत होते. “माझा मी लिवला. तुझा तू लिव. दुसऱ्याच्या नावानं मी कशाला लिवू?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाचवतोय असाही भाव नव्हता. मी सामान घेतलं आणि निघाले. माझं निवेदन होतं तसंच गेलं.

त्यानंतरच्या गुरुवारी रुसैलच्या आमच्या ऑफिसात हा सिनेमा दाखवला. सेफ्टी ऑफिसर डिसूझा सरांची कल्पना. हजेरी सक्तीची, म्हणून स्टोअरमधले चाचाही आले होते.

मला तो सिनेमा आवडला, हे सांगायला हवं. मी टीका करायच्या तयारीने बसले होते. पण ज्याने तो बनवला त्याने कधीतरी एखाद्या पंपरूममध्ये बराच वेळ काढला असणार. हिरोइनपेक्षा पाइप जास्त दिसतात. जिन्याचं दार नीट बंद न झाल्यामुळे धूर कसा वर चढतो, हे त्यात इतकं बरोबर होतं की मी पुढे सरकून बसले. आणि त्यातले आगवाले शूर दिसायचा प्रयत्न करत नाहीत. ते माणसं मोजतात. प्रत्येक मजल्यावर, परत परत, किती आले, किती राहिले. मी लॉबीच्या दारात तेच करत होते.

शेवटाकडे त्यातला म्हातारा आगवाला एकटा वर जातो. धूर, ज्वाळा, संगीत सगळं आहे. पण मग संगीत थांबतं. तो एका लोखंडी चाकापाशी पोचतो. चाक तापलेलं आहे. तो हातमोजा घट्ट करतो आणि चाक फिरवायला लागतो.

हॉलमध्ये समोशाच्या कागदाचाही आवाज नव्हता. माझ्या मागून कुजबुज आली.

“एक. दोन.”

चाचा वेढे मोजत होते. त्यांना कळत नव्हतं की ते मोजताहेत. “तीन. चार.” पुढच्या रांगेतल्या सुर्वेने मागे वळून बघितलं, ह्या वेळी तो हसला नाही. माझेही ओठ हलत होते. सिनेमावाल्याने नववा वेढा दाखवायच्या आत पाणी सोडलं. चाचांनी मात्र अकरा पुरे केले.

दिवे लागले. डिसूझा सरांनी माइक घेतला. “तो, क्या सीखा?”

“लिफ्ट नहीं लेने का!” कोणीतरी म्हणालं. हशा.

सालेम साहेब पहिल्या रांगेत होते. ते आमचे मॅनेजर, ओमानी, मत्रहच्या बाजारात वाढलेले. त्यांना हिंदी येतं, आणि वीस वर्षं कोकणी माणसांबरोबर काम केल्यामुळे मराठी शिव्यांसकट समजतं. ते म्हणाले, “वॉल्व बंद था. गलती किसकी?”

“सिस्टम फेल्युअर, सर,” डिसूझा सर म्हणाले.

“अच्छा. सिस्टम का नाम क्या है? कौन से गाँव का है?”

परत हशा झाला, पण छोटा. दोन-तीन माणसांनी स्टोअरच्या रांगेकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. चाचा मांडीवरच्या हेल्मेटचा पट्टा सरळ करत होते.

मी उभी राहिले. इतके दिवस मी ह्या हॉलमध्ये कधी उभी राहिले नव्हते. डिसूझा सरांनी आश्चर्याने माझ्याकडे माइक दिला. माझ्याकडे वाक्य तयार होतं, “सर, द वॉल्व्ह वॉज...” आणि तिथेच मी थांबले. ते वाक्य पुढे कुठे जाणार हे मला माहीत होतं. तिकडे कोणीच नव्हतं.

मी मागे वळले. चाचांनी मान वर केली. रेडिओ नव्हता, त्यांचा चेहरा समोर होता. मी मराठीत बोलले. साठ माणसं ऐकत होती, त्यातल्या निम्म्यांना कळत होतं, आणि सालेम साहेबांना कळत होतं.

“चाचा, त्या दिवशी वॉल उघडलात का, हे मी तुम्हाला विचारलंच नाही. लोक हसतील म्हणून मी नुसतं ‘खलास?’ म्हटलं. मग वर न येता, काटा न बघता, उघडा आहे अशी टिक केली. ती टिक मी केली. सहीसुद्धा मीच केली.”